निकाल दाखवा, अनुदान घ्या: प्राथमिक शाळेच्या परीक्षेचा जुना हिशेब

आपल्याकडे अजूनही सहज विचारतात, ‘मुलगा कितव्या स्टँडर्डला आहे?’ इयत्ता हा चांगला शब्द असताना हे स्टँडर्ड आलं कुठून? स्टँडर्ड म्हणजे ठरवून दिलेलं माप. शाळेच्या वर्गांना हे नाव रूढ झालं ते १८६२ सालच्या इंग्लंडमधल्या एका नियमावलीमुळे, आणि त्या नियमावलीच्या मुळाशी होता पैशाचा हिशेब. आज आपल्याला तो हिशेब तपासायचा आहे. कारण लहान मुलांच्या परीक्षेवर पैसा टांगला की काय होतं, याचा इतका मोठा आणि इतका लांब चाललेला प्रयोग त्याआधी झाला नव्हता.

आधी त्यामागचं कारण समजून घेऊ. इंग्लंडमध्ये गोरगरिबांच्या शाळा मुख्यतः चर्चच्या संस्था चालवत आणि सरकार त्यांना मदत देई. ही मदत वर्षागणिक वाढत होती. १८५८ साली न्यूकॅसल आयोग नेमला गेला, त्याने १८६१ साली अहवाल दिला. आयोगाची एक तक्रार अशी, की शिक्षक वरच्या वर्गातल्या हुशार मुलांकडे लक्ष देतात आणि खालच्या वर्गातली बहुसंख्य मुलं धड वाचायला न शिकताच शाळा सोडतात. ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. आजही ती आपल्या ओळखीची आहे.

यावर तोडगा काढला रॉबर्ट लो यांनी. शिक्षणखातं त्यांच्याकडे होतं आणि खुल्या बाजाराच्या तत्त्वावर त्यांची श्रद्धा होती. हिशेब असा ठरला: सरासरी हजेरीमागे मुलाला वर्षाला ४ शिलिंग. त्याशिवाय २०० हून अधिक हजेऱ्या भरलेलं मूल परीक्षेला बसवायचं. वाचन, लेखन आणि अंकगणित हे तीन विषय. प्रत्येक विषयाचे २ शिलिंग ८ पेन्स, म्हणजे तिन्हींत पास झालं तर एका मुलामागे ८ शिलिंग. नापास झालं तर त्या विषयाचे पैसे गेले. सहा वर्षांवरच्या मुलांसाठी सहा पायऱ्या ठरवल्या, त्याच सहा ‘स्टँडर्ड’. एकदा एका पायरीवर परीक्षा दिलेलं मूल पुन्हा त्याच पायरीला बसवायचं नाही, असाही नियम होता. लो यांनी पार्लमेंटमध्ये आश्वासन दिलं, त्याचा मतितार्थ असा, की ही पद्धत स्वस्त पडली नाही तर कार्यक्षम तरी ठरेल आणि कार्यक्षम ठरली नाही तर स्वस्त तरी पडेल.

स्वस्त ती नक्कीच पडली. १८६१ मध्ये सरकारी अनुदान सुमारे ८ लाख १३ हजार पौंड होतं. १८६५ पर्यंत ते सुमारे ६ लाख ३६ हजारांवर आलं. आता कार्यक्षमतेचं पाहू.

तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टर येई, एकेका मुलाला उभं करून वाचायला लावी. पण वाचायचं काय? वर्षभर वर्गात जे पुस्तक चाललं, तेच. मग मास्तरांनी सोपा मार्ग धरला. ते पुस्तकच मुलांकडून पाठ करून घेतलं. पुस्तक उलटं धरून घडाघडा ‘वाचणाऱ्या’ मुलांच्या हकिगती त्या काळाच्या आठवणींत येतात, त्या यातूनच. मॅथ्यू अर्नोल्ड हे नाव आपल्याला कवी आणि समीक्षक म्हणून माहीत असतं. पण १८५१ ते १८८६ एवढा काळ ते शाळांचे इन्स्पेक्टर होते. नियमावली लागू होण्याआधीच, १८६२ साली, त्यांनी तिच्यावर लेख लिहून टीका केली होती. पुढे आपल्या अहवालांतून ते सांगत राहिले, की मुलं परीक्षेत पास होतात, पण त्यांना खरोखर वाचता येतं असं नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आकडे चांगले येत होते आणि वाचन येत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. शिक्षकांना लबाड म्हणून मोकळं होता येत नाही, कारण शाळेचं अनुदान आणि पुष्कळदा मास्तरांचा पगारही त्या आकड्यावर अवलंबून होता. त्यात इतिहास, भूगोल, निसर्ग यांना सुरुवातीला पैसे नव्हते, त्यामुळे ते विषय मागे पडले. जे मूल पास होण्याची आशा नाही किंवा शेतीच्या हंगामामुळे ज्याच्या २०० हजेऱ्या भरत नाहीत, त्याच्यावर घालवलेला वेळ हिशेबात तोट्याचा ठरू लागला. म्हणजे ज्या मुलांसाठी ही पद्धत आणली, त्यांच्यातलीच सर्वांत दुबळी मुलं तिच्यातून गळू लागली.

आणखी एक प्रकार झाला. इन्स्पेक्टरांचे प्रतिकूल अहवाल खातं कापून छापतं, असा आरोप पार्लमेंटमध्ये झाला आणि १८६४ साली लो यांना पद सोडावं लागलं. पुढे चौकशी समितीने त्यांना दोषमुक्त केलं, हेही सांगायला हवं. लो गेले, पद्धत मात्र राहिली. त्यानंतर विषय वाढवून डागडुजी होत गेली. १८९० च्या नियमावलीने तिचा कणा मोडला आणि १८९७ पर्यंत तिचे अवशेषही गेले. पस्तीस वर्षांचा कारभार!

आता आपल्याकडे येऊ. विलायतेतली ही कल्पना हिंदुस्थानात यायला वेळ लागला नाही. मुंबई इलाख्यात बऱ्याचशा प्राथमिक शाळा खुद्द सरकारी खात्याच्या होत्या. पण खाजगी शाळांना अनुदान द्यायचं तर ते परीक्षेच्या निकालावर, हा नियम इथेही आला. १८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला आणि पुण्याहून त्याच्याकडे एक निवेदन गेलं. निवेदन महात्मा जोतीराव फुल्यांचं.

हे निवेदन आपण सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी आठवतो. किमान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी म्हटलं होतं. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यातली दुसरी एक गोष्ट फार मोलाची आहे आणि ती कमी वाचली जाते. जोतीराव म्हणतात, की अशिक्षित आणि गरीब लोकांत शिक्षण पसरवायला ही निकालाची पद्धत उपयोगाची नाही. या लोकांत अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही. तिथे कोणता शिक्षक स्वतःच्या हिमतीवर शाळा काढील? त्याचं पोट कसं भरेल? म्हणून ही गोडी लागेपर्यंत सरकारी शाळा आणि खास उत्तेजन हवंच.

अर्नोल्ड आणि फुले यांचे आक्षेप शेजारी ठेवून पाहा. अर्नोल्ड विचारतात, जी मुलं शाळेत आहेत, त्यांचं शिकणं या परीक्षेने पोकळ होतंय का? फुले विचारतात, जी मुलं शाळेत आलेलीच नाहीत, त्यांच्यापर्यंत हा पैसा पोचणार कसा? निकाल आधी आणि पैसा मागून, हा क्रम ज्या घरात पाटी-पुस्तक आधीच आहे, तिथेच जमतो. १८४८ पासून पुण्यात मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायला नको होतं. परीक्षेचा दिवस काय असतो, हेही त्यांना पुरतं ठाऊक होतं. डिपोटीसाहेबांची वर्षातून एकदा होणारी भेट निरुपयोगी आहे, तपासणी निदान तीन महिन्यांनी व्हावी आणि अधूनमधून आगाऊ वर्दी न देता व्हावी, अशी त्यांची सूचना होती. शिवाय शिक्षकाला किमान १२ रुपये पगार हवा आणि अभ्यासात मोडी-बाळबोध, हिशेब यांच्याबरोबर शेती आणि आरोग्यही हवं.

आयोगाने काय केलं? प्राथमिक शाळांना बहुतांशी निकालावरच मदत द्यावी, अशी शिफारस केली. मात्र मागासलेल्या भागांतल्या शाळांसाठी अपवाद आणि वेगळे नियम ठेवले. म्हणजे जिथे गरज सर्वांत जास्त, तिथे ही पद्धत चालणार नाही, हे आयोगाच्या कागदावरच आलं. नियम मात्र कायम राहिला. पुढे कर्झनच्या काळात, १९०४ च्या शैक्षणिक ठरावात, निकालावरचं अनुदान मागे टाकण्याचं धोरण आलं.

यावरून परीक्षाच नकोत, असं कुणी म्हणू नये. मुलांना काय येतं हे कळायला हवंच. २००५ पासून ‘असर’ची पाहणी होते, स्वयंसेवक खेड्यांत घरोघर जाऊन मुलाला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला देतात. त्यावर ना मास्तरांचा पगार ठरतो, ना शाळेचं अनुदान. म्हणून तिथे पाठ करून घेण्याचं कुणाला कारण नसतं आणि वाचता येत नसेल तर ते उघड दिसतं.

प्रश्न येतो तो आकड्याला पैसा, बढती किंवा शिक्षा बांधली की. अशा योजना पुन्हा पुन्हा येतात, नव्या नावांनी येतात, आणि बहुधा चांगल्या हेतूने येतात. न्यूकॅसल आयोगाचा हेतूही वाईट नव्हता. त्या वेळी आपण दोन्ही प्रश्न विचारायला हवेत. अर्नोल्डचा प्रश्न हल्ली विचारला जातो. जोतीरावांचा प्रश्न मात्र राहून जातो: ज्या वस्तीत आज दाखवायला निकालच नाही, तिथे पहिला रुपया कोण देणार?