पांचव्या चाकाची हकीकत

मोटार ज्यानें जन्मांत हांकली नाहीं, त्यालाही 'स्टेपनी' हा शब्द ठाऊक असतो. घोलवडहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकांतील हवा जाऊन एखादी गाडी चिकूच्या वाडीच्या कुंपणाशीं उभी राहिली, कीं जवळून जाणाऱ्या सायकलस्वाराचा किंवा वाडींतल्या गड्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "स्टेपनी आहे ना?" विचारणारास हा शब्द इंग्रजी वाटतो. पण आजच्या इंग्लंडांत तो उच्चारला, तर ऐकणारास लंडनच्या एका वस्तीची आठवण होईल. मोटारीच्या चाकाची बहुधा व्हावयाची नाहीं. ज्या देशानें तो आपणांस दिला त्यानें तो टाकून दिला, आणि आपण मात्र शंभरांवर वर्षें संभाळला. आतां ज्या वस्तूचें तें नांव ती वस्तूच मोटारींतून निघून जाऊं लागली आहे. तेव्हां तिची हकीकत सांगण्यास हाच समय योग्य होय.

चाकांत हवा कोंडण्याची युक्ति निघण्यापूर्वीं चाकाची हवा जाणें ही आपत्तीच नव्हती. डहाणू-तलासरीच्या रानांतून लांकूड वाहणाऱ्या बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव असे. लोहार ती तापवून लाल करी, लांकडी चाकावर चढवी व वरून पाणी ओती. थंड होतांना लोखंड आकसे आणि चाकाचे सारे सांधे आवळले जात. या धांवेला कांट्याचें वा खिळ्याचें भय नव्हतें. तिचे हाल भोगी तो गाडींत बसणारा. रॉबर्ट विल्यम थॉमसन नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें चामड्याच्या आवरणांत रबर लावलेल्या कापडाची हवाबंद नळी घालून १८४५ सालीं तिचें पेटंट घेतलें. पण रस्त्यावर घोडागाड्यांचेंच राज्य असल्यामुळें जग ती विसरून गेलें. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील डनलॉप या पशुवैद्यानें मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच कल्पना पुन्हां शोधून काढली. थॉमसनच्या जुन्या कागदामुळें त्याचें पेटंट लवकरच रद्द ठरलें, तरी नांव मात्र डनलॉपचेंच राहिलें.

हवेनें सुख दिलें व त्याबरोबर एक नवें दुःखही दिलें. १८९५ सालच्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतींत मिशलॅं बंधूंनीं हवेच्या टायरांची मोटार उतरविली, तेव्हां चाकें इतक्या वेळां बसलीं कीं प्रवासापेक्षां दुरुस्तीचीच शर्यत चालली असावी असें पाहणारास वाटलें असेल. मुंबईंत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या असें सांगतात. त्या काळच्या मोटारीला जादा चाक नसे. इतकेंच नव्हे, तर असलेलें चाकही सुटें होत नसे. लांकडी आऱ्यांचें चाक आंसाला कायमचें जोडलेलें. रस्त्यावर घोड्यांच्या नालांचे खिळे विखुरलेले असत, आणि ते मोटारींचे हाडवैरी. एखादा खिळा घुसला कीं गाडी बाजूला घ्यावी, टायर चाकावरच ठेवून लोखंडी पट्ट्यांनीं त्याची कड उचकटावी, आंतली नळी ओढून काढावी, भोंक हुडकून ठिगळ लावावें, पुन्हां सारें कोंबावें आणि मग हातपंपानें हवा भरीत बसावें. अर्धा तास तर सहज जाई, आणि पाऊस असेल तर किती जाईल याचा नेम नसे. आपल्याकडे पायांतला कांटा जसा काढतात, तसें पंक्चरही 'काढतात'. हा वाक्प्रचार ज्या कोणी पाडला, त्याला या कामाचें मर्म कळलें होतें असें मला नेहमीं वाटत आलें आहे.

या त्रासावर उपाय निघाला तो वेल्समधील लानेली या गांवीं. टॉमस मॉरिस डेव्हिस या गृहस्थानें १९०४ सालीं एक साधें साधन तयार केलें, आणि ज्या रस्त्यावर हा उद्योग उभा राहिला त्या स्टेपनी स्ट्रीटवरून त्यास स्टेपनी हें नांव पडलें. हें चाक आजच्या अर्थानें चाक नव्हतेंच. त्याला आरे नव्हते, तुंबा नव्हता. लोखंडाचें एक कडें, त्यावर हवा भरून तयार ठेवलेला टायर, आणि कडेला पकडी, एवढाच त्याचा संसार. मूळ चाक बसलें, कीं तें न काढतां त्याच्या अंगालाच हें कडें आवळून बसवावयाचें. लंगड्या माणसाच्या बगलेंत खांदा देऊन त्याला घरापर्यंत न्यावें, तसें हें कडें बसलेल्या चाकाला पुढच्या गांवापर्यंत नेई. १९०६ सालीं त्याची कंपनी निघाली आणि थोड्याच वर्षांत माल देशोदेशीं गेला. ब्राझीलमधील लोक जादा चाकाला आजही 'इस्तेपी' म्हणतात. माल्टा बेटांतही स्टेपनीच म्हणतात. आपल्याकडे तर हा शब्द थट्टेंत आणि शिवीगाळींतही शिरला, आणि भाषेंत कायमचें घर मिळाल्याची याहून दुसरी खूण कोणती?

पुढें सुटीं होणारीं चाकें निघालीं. नट सोडावे, चाक काढावें, दुसरें चढवावें. तेव्हां आवळून बसविण्याच्या कड्याचें प्रयोजन उरलें नाहीं आणि अख्खें पांचवें चाक गाडीच्या पायरीवर किंवा पाठीवर विराजमान झालें. वस्तु बदलली, नांव तेंच राहिलें. गंमत अशी, कीं अलीकडे कांहीं गाड्यांत जें बारीक, तात्पुरतें चाक देतात, ज्यावर ताशी ऐंशीं किलोमीटरच्या पुढें जाऊं नये असें लिहिलेलें असतें, तेंच वृत्तीनें मूळ स्टेपनीच्या अधिक जवळचें आहे.

दुसऱ्या महायुद्धांत या पांचव्या चाकाची खरी किंमत कळली. फेब्रुवारी १९४२ मध्यें सिंगापूर पडलें, पाठोपाठ जावा-सुमात्राही गेलें, आणि दोस्त राष्ट्रांच्या नैसर्गिक रबराचा सुमारें नऊदशांश पुरवठा एकाएकीं तुटला. हिंदुस्थानांतही टायरांवर नियंत्रण आलें. नवा टायर मिळणें दुरापास्त झाल्यावर जुन्यावरच नवें रबर चढवून तो चालविण्यांत येऊं लागला. आपल्या ग्रामीण भागांत टायर मेल्यावरही मरत नाहीं. त्याच्या चपला होतात, आणि त्या चपला पायांच्या कातड्याहून चिवट असतात.

मग जादा चाक जाण्याची वेळ कां आली? नळीशिवायचा टायर हें पहिलें कारण. बी. एफ. गुडरिच या अमेरिकन कंपनीनें तो १९४७ सालीं पुढें आणला. नळीला भोंक पडलें कीं ती एकदम बसते; पण या टायरांत खिळा रुतला तर रबर त्याला घट्ट धरून ठेवतें व हवा हळूहळू जाते. दुसरें कारण हवेचा दाब सांगणारें यंत्र, आणि तिसरें म्हणजे विजेच्या गाड्यांतील बॅटरीला हवी असलेली जागा. जुलै २०२० मध्यें भारत सरकारनें नियम बदलले. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला नळीशिवायचे टायर, दाब सांगणारें यंत्र व दुरुस्तीचा संच असेल, तर जादा चाकाची सक्ति उरली नाहीं. १९०४ पूर्वीं मोटार जशी होती, तशी ती पुन्हां झाली. फरक एवढाच, कीं तेव्हांच्या चालकाला आपल्या हातांनीं पंक्चर काढतां येई.

हा फरक लहान नव्हे. दुरुस्तीच्या संचांत चिकट द्रवाची बाटली आणि गाडीच्या विजेवर चालणारा छोटा पंप असतो. हा द्रव टायरच्या जमिनीवर टेकणाऱ्या भागांतील सुमारें सहा मिलिमीटरपर्यंतचें भोंक बुजवितो. टायरची बाजू चिरली किंवा तो फुटला, तर त्या बाटलीचा उपयोग शून्य. शिवाय बाटलीलाही मुदत असते. मुंबई-अहमदाबाद महामार्ग सोडून चारोटी नाक्याहून डहाणूकडे, आणि तेथून किनाऱ्यानें घोलवडकडे वळलेला शनिवारचा प्रवासी पंक्चरवाल्याच्या भरंवशावर असतो. दिवसा तो भरंवसा खोटा नाहीं. रात्रीं दहानंतर, श्रावणांतल्या पावसांत, दोन्ही बाजूंस वाड्यांचा काळोख असतां, तोच भरंवसा फार पातळ होतो.

म्हणून जादा चाक नसलेल्या गाडीच्या मालकास जुन्या चालकाच्या कांहीं संवयी नव्यानें लावून घ्याव्या लागतील. हवेचा दाब सकाळीं, गाडी हलविण्यापूर्वीं, टायर थंड असतांना पाहावा. किती हवा तें बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलें असतें. टायर फुटतात ते पुष्कळदां खिळ्यानें नव्हे, तर कमी हवेनें : बाजू वारंवार दुमडते, तापते, आणि चैत्र-वैशाखांतल्या महामार्गावर एकाएकीं उसवते. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खालीं गेली, कीं टायर कायद्यानेंही बाद होतो. त्याच्या अंगावर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. वापर थोडा असला तरी रबर म्हातारें होतेंच, आणि वर्षांतून दोनदां किनाऱ्यावर येणाऱ्या गाडीचे टायर खाचांनीं तरुण व सालानें वृद्ध असूं शकतात. खिळा दिसला तर उत्साहानें उपटूं नये. तोच भोंकाचें बूच असतो. बसलेल्या चाकावर गाडी रेटूं नये, कारण थोड्याच अंतरांत टायरच्या बाजूचा चुरा होतो आणि जें ठिगळानें भागलें असतें त्याला नवा टायर लागतो. महामार्गावर थांबावें लागलें, तर माणसांनीं आधीं कठड्यापलीकडे जावें. गाडीची चिंता त्यानंतर.

घोलवडची गोष्ट एका बाबतींत अजून सोपी आहे. येथें आगगाडीचें स्टेशन आहे, आणि ज्या चिकूला २०१६ सालीं डहाणूच्या नांवासह भौगोलिक मानांकन मिळालें, त्याच्या बागा स्टेशनापासून दूर नाहींत. नव्या गाडीचा सौदा करतांना पुष्कळ लोक रंग, आसनें व पडदे पाहतात. डिकीचा तळ उचलून पाहणारे थोडे. तेथें चाकाच्या जागीं एक बाटली निघाली, तर विक्रेत्याला बारीक चाक वेगळें घेतां येतें का तें विचारावें. कांहीं गाड्यांत तें बसतें. विचारतांना 'स्टेपनी' हाच शब्द वापरावा. तो त्याला कळतो.