जपानी स्टेशन वॅगन : दप्तर, फेरफार आणि प्रतिष्ठा

वाहनाचा इतिहास लिहिताना त्याचे जनकत्व अभियंत्यांकडे आणि त्याची कीर्ती शर्यतींकडे सोपवण्याचा प्रघात आहे. परंतु लांब छपराची, मागच्या दारातून भरायची, पाच माणसे आणि त्यांचे सारे सामान एकाच छताखाली नेणारी जी मोटार स्टेशन वॅगन म्हणून ओळखली जाते, तिचा जपानातील पूर्वेतिहास जो शोधू जाईल त्याला कारखान्याइतकेच सरकारी दप्तरही चाळावे लागेल. ही गाडी दुकानाच्या दारात शोभावी की बंगल्याच्या, तिच्यावर कर किती बसावा आणि तिची तपासणी कितव्या वर्षी व्हावी, या प्रश्नांचे निकाल जितके कारागिरांनी दिले तितकेच ते अंमलदारांनीही दिले. आणि आज तीस वर्षांपूर्वीची वॅगन जपणारा, तिच्यात बेताचे फेरफार करणारा हौशी मालक ज्या मर्यादेत वागतो ती मर्यादाही त्याच दप्तराने आखून दिलेली आहे.

महायुद्धोत्तर जपानात खाजगी मोटार ही चैन होती आणि मालवाहू गाडी ही निकड. टोयोटाने १९५५ साली ‘क्राउन’ काढली त्याच वर्षी ‘मास्टरलाइन’ नावाची हलकी मालवाहू गाडीही बाजारात आणली. १९५१ च्या रस्ते वाहतूक वाहन कायद्याने मोटारींच्या नोंदणीची आणि सक्तीच्या तपासणीची व्यवस्था बसवली होती, आणि कालांतराने नंबरपाटीवरच्या वर्गांकाचा पहिला आकडा गाडीची जात सांगू लागला : एक आणि चार हे मालवाहूंचे, तीन आणि पाच हे प्रवासी मोटारींचे. ज्या गाडीची लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ मीटर, उंची २ मीटर आणि पेट्रोल इंजिनाची क्षमता २००० सीसी या हद्दीत राही ती लहान, म्हणजे चार किंवा पाच आकड्याची; हद्द ओलांडली की ती मोठ्या वर्गात जाई आणि कर भारी पडे. मालवाहू म्हणून नोंद केली तर कर हलका, परंतु तपासणी दरसाल; प्रवासी म्हणून केली तर कर जड, परंतु तपासणी दोन वर्षांनी. शिवाय मालवाहू ठरण्यासाठी सामानाची जागा माणसांच्या जागेहून मोठी असणे आवश्यक होते, त्यामुळे मागचे आसन पुढे सरकवलेले, पातळ आणि ताठ पाठीचे असे.

या तरतुदीचा परिणाम असा झाला की कारखानदार एकाच सांगाड्यावर दोन गाड्या काढू लागले : पोलादी पाट्यांवर उभी, आतून उघडीबोडकी, दुकानदाराची व्हॅन; आणि मऊ स्प्रिंगांची, कापडी गाद्यांची, कुटुंबाची वॅगन. बाहेरून पाहणाऱ्याला या दोहोंतला भेद चटकन कळत नसे. जो मनुष्य अधिक कर भरून, अधिक पैसे मोजून वॅगन घेई, त्याला शेजारीपाजारी सोया सॉसची पिंपे पोचवणारा व्यापारी समजण्याचा संभव राही, आणि ज्या समाजात मोटार हे दर्जाचे निशाण होते तेथे हा संभव सहन करायला फार थोडे तयार होते. क्राउन आणि निस्सानची सेड्रिक यांच्या आठ आसनी वॅगन १९६० नंतरच्या दशकात निघाल्या; पुढे १९८३ च्या सेड्रिक वॅगनला तर अमेरिकन रिवाजाप्रमाणे बाजूंना लाकडाच्या नक्षीचे आवरण आणि मागच्या टोकाला उलट्या तोंडाचे छोटे आसनही मिळाले, आणि ही गाडी १९९९ पर्यंत जवळजवळ त्याच रूपात विकली गेली. तरीही या साऱ्या काळात वॅगन ही सेदान मोटारीची गरीब बहीणच राहिली.

तिच्या भाग्योदयाचे बीज राजधानीपासून दूर, ईशान्येकडील सेन्दाई शहरी पडले. तोहोकू प्रांताचा हिवाळा बर्फाचा. तेथील वीज कंपनीच्या माणसांना तारांची देखभाल करण्यासाठी डोंगरात जावे लागे, आणि त्या कामी ज्या जीप गाड्या होत्या त्या उघड्या, थंड आणि खडबडीत. १९७० च्या सुमारास या कंपनीने सेन्दाईच्या सुबारू विक्रेत्याकडे अशी गाडी मागितली की जी बर्फात जीपसारखी चालेल पण माणसाला मोटारीसारखी वागवेल. विक्रेत्याच्या कारागिरांनी एफएफ-१ नावाच्या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या छोट्या व्हॅनला निस्सानच्या ब्ल्यूबर्ड गाडीचा मागचा अॅक्सल आणि डिफरन्शियल जोडून चारही चाकांना गती दिली. ही गाडी सुबारूचा मालक असलेल्या फुजी हेवी इंडस्ट्रीजच्या नजरेस आली, तिच्यात अधिक सुधारणा झाल्या, १९७१ च्या टोकियो प्रदर्शनात ती मांडली गेली, आणि सप्टेंबर १९७२ मध्ये ‘लिओने’ची चार चाकी चालनाची एस्टेट व्हॅन रीतसर विक्रीस निघाली. मोटार कंपन्यांच्या इतिहासात इतके नम्र उगमस्थान क्वचित आढळते : ज्या तंत्रावर पुढे सुबारूची सारी प्रतिष्ठा उभी राहिली, ते एका विक्रेत्याच्या दुरुस्तीखान्यातल्या फेरफारातून जन्मले, आणि तेही मालवाहू वर्गात. हौशी मालक आपल्या वॅगनमध्ये आज जे करतो त्याला परंपरा नाही असे कोणी म्हणू नये.

१९८९ हे साल या कथेतील संक्रमणाचे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये वस्तूंवरील जुना कर रद्द झाला. तो लहान मोटारींवर साडेअठरा आणि मोठ्यांवर तेवीस टक्के होता, आणि त्याच्या जागी उपभोग कर आला. मोठ्या वर्गातील गाडीवर दरसाल जे ८१,५०० येन भरावे लागत, ते अडीच लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी ४५,००० वर आले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत सुबारूची ‘लेगसी’ बाजारात आली. जानेवारीत अमेरिकेतील ॲरिझोनाच्या चाचणी मार्गावर तिच्या सेदानने एक लाख किलोमीटरचे अंतर सरासरी ताशी २२३.३४५ किलोमीटर वेगाने तोडून जागतिक विक्रम केला होता. परंतु जनमानसात घर केले ते तिच्या ‘टूरिंग वॅगन’ने, आणि टर्बो इंजिनाची जीटी वॅगन निघाल्यावर तर या गाडीला कोणी व्यापाऱ्याची म्हणेना. महसुलाची सवलत मोठ्या गाड्यांना मिळाली असूनही लेगसी चतुराईने १.७ मीटरच्या आतच राहिली. २००३ च्या चौथ्या पिढीपर्यंत तिने रुंदीची ही हद्द सोडली नाही.

त्यानंतरचे दशक हे वॅगनचे दशक होय. मे १९९२ पासून सरकारी कचेऱ्यांना आठवड्याला दोन दिवसांची सुटी मिळाली, बर्फावरील खेळांची आणि समुद्रकाठच्या लाटांची आवड शहरी तरुणांत पसरली, आणि लांब छपराची गाडी ही आता व्यापाराची नव्हे, तर फुरसतीची खूण झाली. होंडाने १९९१ मध्ये अमेरिकेतील ओहायो येथे बनवलेली ॲकॉर्ड वॅगन जपानात आणली, आणि परदेशी जन्म हाच तिचा मान ठरला. टोयोटाची काल्डिना १९९२ ची, निस्सानची स्टॅजिया आणि मित्सुबिशीची लेग्नम १९९६ च्या. आणि स्टॅजियाच्या ‘२६०आरएस’ या प्रकारात तर स्कायलाइन जीटी-आर या शर्यतवीर मोटारीचे २.६ लिटरचे इंजिन बसवलेले होते. सामान्य वॅगनला असा पराक्रम शोभतो काय, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही.

याच भरभराटीत हलक्या फेरफाराची रीत रुजली, आणि तिलाही सरकारी हुकमानेच वाट करून दिली. दहा वर्षांवरील मोटारींची तपासणी, जिला जपानी लोक ‘शाकेन’ म्हणतात, ती पूर्वी दरसाल होई. जुलै १९९५ पासून जुनी प्रवासी गाडीही दोन वर्षांच्या मुदतीत आली, आणि म्हातारी मोटार बाळगणे हा निव्वळ वेडेपणा राहिला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फेरफारांचे नियमही सैल झाले. लांबीत ३, रुंदीत २ आणि उंचीत ४ सेंटिमीटरपर्यंतचा फरक नव्या नोंदीविना चालू लागला, आणि स्प्रिंग, शॉक अब्झॉर्बर, छपरावरचे कॅरियर अशा ठरावीक सुट्या भागांना मोकळीक मिळाली. मात्र गाडीचे पोट जमिनीपासून ९ सेंटिमीटरच्या खाली येता कामा नये, पुढच्या बाजूच्या काचांतून ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, आणि गाडी उचलली असता स्प्रिंग आपल्या जागी सैल होऊ नये, या अटी कायम राहिल्या.

या नियमांनी जी अभिरुची घडवली तिचे वैशिष्ट्य संयम हे आहे. जाणता मालक गाडी दोन-तीन अंगुळे खाली बसवतो, मूळ चाकांच्या जागी त्याच काळातल्या नक्षीची अलॉय चाके घालतो, झिजलेले शॉक अब्झॉर्बर बदलतो, क्वचित सायलेन्सर. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग कापडात गुंडाळून कोठीत ठेवतो, कारण दोन वर्षांनी तपासणीच्या रांगेत काही अडले तर तोच त्याचा दाखला. कित्येक मालक एजंटाला पैसे न देता स्वतःच गाडी तपासणी केंद्रावर नेतात. ब्रेक, दिवे, धूर आणि चाकांची दिशा यांच्या परीक्षेत ती उतरली की जे समाधान मिळते ते नव्या गाडीच्या खरेदीत नाही, असे त्या गोटात मानले जाते.

परंतु काळ वॅगनवर फार दिवस प्रसन्न राहिला नाही. ऑक्टोबर १९९४ मध्ये होंडाची ‘ओडिसी’ आली आणि तिने तीन रांगांत माणसे बसवून दाखवली; कुटुंबे तिकडे वळली. स्टॅजिया आणि क्राउन एस्टेट २००७ मध्ये संपल्या; जपानी बाजारातली लेगसी टूरिंग वॅगन २०१४ मध्ये निवृत्त झाली आणि तिची जागा ‘लेवोर्ग’ने घेतली. जुन्या गाडीवर सरकारची नजर पुन्हा कडक झाली : पेट्रोल मोटार १३ वर्षांची झाली की तिच्या वार्षिक करावर सुमारे पंधरा टक्के अधिभार बसतो, आणि वजनावरचा कर तेराव्या व अठराव्या वर्षी चढतो. पुष्कळ गाड्या यामुळे परदेशी गेल्या; २५ वर्षांवरील मोटारींना मुभा देणाऱ्या अमेरिकी नियमामुळे १९९६ ची स्टॅजिया २०२१ पासून तिकडे रीतसर जाऊ लागली.

आपल्याकडे या कथेचा एक धागा पुण्यात सापडतो. टेल्कोने १९९२ मध्ये ‘टाटा एस्टेट’ काढली ती ‘टाटामोबिल’ या मालवाहू पिकअपच्याच पायावर. जपानी वॅगनप्रमाणे तिचाही जन्म मालवाहू कुळातला, परंतु तिला सेन्दाईचा हिवाळाही लाभला नाही आणि १९८९ ची करसवलतही. फेरफाराच्या बाबतीत तर आपला मोटार वाहन कायदा अधिक कठोर आहे : त्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरवलेल्या वैशिष्ट्यांविरुद्ध जाणारा बदल मालकाला करू देत नाही, आणि जपानसारखा सेंटिमीटरांचा स्पष्ट तक्ता सामान्य मालकाच्या हाती देत नाही.

या इतिहासाचा निष्कर्ष एकच निघतो. ज्या गाडीला एका पिढीने मालवाहू म्हणून हिणवले तिलाच दुसरीने अभिमानाने जपले. या पालटात यंत्राचा वाटा जेवढा, तेवढाच कराच्या दरांचा आणि तपासणीच्या मुदतींचा होता. कायदा जेथे मोजमाप सांगतो तेथे हौस शहाणी होते, आणि जेथे तो केवळ मनाई करतो तेथे ती लपूनछपून वाढते. म्हणून जो कोणी जुनी वॅगन बाळगील त्याने तिचे मूळ भाग आणि तिचे कागद सारख्याच काळजीने सांभाळावेत, आणि जो फेरफार परत उलटवता येणार नाही तो करू नये.