जन्माची हजेरी

दिवाळी म्हणजे लक्ष्मीचे आगमन; आणि लक्ष्मी आली की तिच्या मागोमाग चोराची भीतीही घरात शिरते. आमच्या कळमन्यात ही दोन्ही पाहुणी एकदमच येतात. नागपूरच्या पूर्व अंगाचे हे एके काळचे खेडे आज मोठ्या बाजारामुळे ओळखले जाते. धान्य, मिरची, संत्री, कांदे-बटाटे यांचे ढीग आणि ट्रकांच्या रांगा हे येथले नित्याचे दृश्य. सणाच्या तोंडावर रोख पैसा खेळू लागला की वस्तीतली वडीलधारी मंडळी बजावतात, "त्या पालवाल्यांवर जरा नजर ठेवा हो!" पालवाले म्हणजे मोकळ्या जागेत पाल ठोकून चार दिवस राहिलेली माणसे. त्यांनी केले तरी काय? काहीच नाही. तरी नजर ठेवायची ती त्यांच्यावरच. ही सूचना मी लहानपणापासून ऐकत आलो. इतिहासाचा नाद लागल्यावर वाटले, हिचे मूळ कोठे आहे ते पाहावे. शोधता शोधता हाती लागला तो एक कायदा.

हा कायदा १८७१ सालचा. 'गुन्हेगार जमातींचा कायदा' हे त्याचे नाव. गुन्हा करील त्याला शिक्षा, हे तत्त्व जगात सर्वत्र आहे. पण या कायद्याने गुन्हेगाराला नव्हे, तर अख्ख्या जमातीलाच गुन्हेगार ठरविले. जमातीचे नाव एकदा सरकारी राजपत्रात छापून आले की तिच्यात जन्मलेले मूलही त्या नावाखाली आले. ही घोषणा बरोबर की चूक, हे विचारण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला ठेवलेला नव्हता. कायदेमंडळात त्या वेळी मांडलेला युक्तिवाद मोठा मासलेवाईक होता. या देशात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार. मग चोराचा मुलगा चोरच होणार! आपल्या जातिव्यवस्थेचे व्याकरण साहेबाने असे उचलले आणि त्यावर तुरुंगाची भिंत बांधली. वीट त्याची, पण माती आपली होती, हे विसरून चालणार नाही.

या कल्पनेची पहिली तालीम झाली ती जबलपुराकडे. पुढे १८६१ साली नागपूर राजधानी करून जो मध्यप्रांत उभा राहिला, त्यातलेच हे शहर. १८३० च्या दशकात स्लीमनसाहेबाने तेथून ठगांचा पाठलाग चालविला. त्यासाठी १८३६ साली कायदा झाला. त्यानुसार अमुक माणूस ठगांच्या टोळीतला होता एवढे सिद्ध झाले तरी जन्मठेप देता येई. खून त्यानेच केला, हे दाखविण्याची गरज उरली नाही. ठगांनी वाटसरूंचे गळे आवळले, हे खोटे नव्हे. प्रश्न एवढाच, की कृत्यावरून माणसाकडे जाणारा न्याय येथे प्रथम टोळीवरून माणसाकडे निघाला. टोळीवरून जमातीवर यायला त्याला फक्त पस्तीस वर्षे लागली.

आता ज्यांना गुन्हेगार म्हटले ती माणसे त्याआधी काय करीत होती? आमच्या कळमन्याच्या बाजारात उभे राहून हा प्रश्न विचारावा, कारण उत्तर धान्याच्या पोत्यांतच आहे. आगगाडी येण्यापूर्वी हा माल वाहत असत ते बंजारे. समुद्रकाठचे मीठ आणि मुलखातले धान्य त्यांच्या बैलांच्या पाठीवरून देशभर फिरे. १८०३ साली आर्थर वेलस्ली नागपूरकर भोसल्यांशी लढत गाविलगडापर्यंत आला, तेव्हा त्याच्या फौजेच्या दाणागोट्याची मोठी मदार याच तांड्यांवर होती. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली आणि ज्यांच्या बैलांवर साम्राज्य जेवले, त्यांचे काम संपले. रामोशी आणि बेरड ही तर गडकोटांची आणि गावांची राखण करणारी मंडळी. गड पडले, वतने गेली, आणि १८३२ साली उमाजी नाईक पुण्यात फासावर गेला. पारध्यांची उपजीविका रानावर. त्या रानाला सरकारी कुंपण पडले. धंदा गेला म्हणजे माणूस रिकामा होतो. आणि रिकामा फिरणारा माणूस सरकारच्या लेखी संशयित. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला. ग्रंथ विद्वत्तेचा खराच; पण त्यात भामटे, पारधी, बधक यांची प्रकरणे वाचताना आपण एका समाजाचे वर्णन वाचतो आहोत की पोलिसांचे टिपण, असा संभ्रम पडतो.

१९११ साली हा कायदा सबंध हिंदुस्थानला लागू करण्याची सोय झाली आणि १९२४ साली तो नव्याने बांधून काढला गेला. त्याची रीत अशी. जमातीतल्या माणसांची नावे पटावर चढवायची, बोटांचे ठसे घ्यायचे. ठरल्या वेळी हजेरी द्यायची. परगावी जायचे तर पास काढायचा. पासाविना सापडला तर कैद. लग्न असो, मयत असो, पास हा हवाच. लक्ष ठेवायला गावचा पाटील होताच. मुलांना आईबापांपासून तोडण्याची तरतूद तर १८९७ सालीच आली होती. चार वर्षांच्या पोरालाही वेगळ्या सुधारगृहात ठेवता येत असे.

आपल्या महाराष्ट्रात या व्यवस्थेचे मोठे ठाणे म्हणजे सोलापूर. तेथे तारेच्या कुंपणात कैकाडी, मांग गारुडी, कंजारभाट, पारधी अशा अनेक जमातींची वसाहत होती. मुंबई इलाख्यात या खात्याची सूत्रे स्टार्ट नावाच्या सनदी अधिकाऱ्याकडे होती. या वसाहतींत शाळा काढल्या गेल्या, माणसांना गिरण्यांत काम मिळाले, कित्येक मुले तेथेच अक्षरे शिकली, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. पण दिवसभर गिरणीत राबून संध्याकाळी तारेच्या आत परतायचे आणि नाव पुकारल्यावर 'हजर' म्हणायचे, याला नोकरी म्हणावे की शिक्षा? आणि शिक्षा असेल तर कोणत्या गुन्ह्याची? सोलापुरात आजही त्या भागाला 'सेटलमेंट' असेच म्हणतात. तारा गेल्या, नाव उरले.

१९३६ साली पंडित नेहरूंनी या कायद्याचा कडक शब्दांत निषेध केला होता. तरी स्वातंत्र्याचा झेंडा १५ ऑगस्ट १९४७ रोजी लागला, तेव्हा या माणसांची हजेरी चालूच होती. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली मोडीत काढला. देशभर तो सुटला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणून ही माणसे 'विमुक्त'. महाराष्ट्राच्या यादीत अशा चौदा जमाती आहेत. त्यांचा स्वातंत्र्यदिन आपल्यापेक्षा पाच वर्षे आणि सोळा दिवस उशिरा उजाडला. पण त्यालाही लगेच ग्रहण लागले. जागोजागी 'सराईत गुन्हेगारां'चे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ साली. कागदावर ते व्यक्तीसाठी होते, जमातीसाठी नव्हते. पण पोलीसपाट्याचा हात जुन्या यादीवरच फिरत राहिला.

आणि आपली भाषा? 'भामटा' हे एका जमातीचे नाव. आपण ते लबाड माणसासाठी वापरतो. 'उचल्या' तसेच. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आपल्या आत्मकथेला तेच नाव दिले आणि पुढल्या वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या शब्दाने हिणवले, तोच शब्द त्यांनी मुखपृष्ठावर मिरवला. मराठी वाचकाच्या घरात ही हजेरी प्रथमच उलट्या बाजूने लागली.

हे सारे जुने झाले, असे कोणास वाटेल. त्यांच्यासाठी एकच खटला सांगतो. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एक भीषण गुन्हा घडला. भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना त्यात धरण्यात आले. २००६ साली त्यांना फाशी सुनावली गेली आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांची फाशी कायम केली. पुढे कळले, की त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. अखेर ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून भलतीच चार माणसे ओळखली होती, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता! न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देवविली. सोळा वर्षांचे पाच लाख. हिशेब वाचकांनीच करावा.

तुरुंगाच्या आतही जुनी यादी जिवंत होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला, तेव्हा कित्येक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांतील गोष्टी उजेडात आल्या. स्वयंपाक कोणत्या जातीने करायचा, झाडू कोणत्या जातीने धरायचा, भटक्या जमातीच्या कैद्याला जात्याच पळपुटा कसे समजायचे, हे सारे त्यांत लिहिलेले होते. न्यायालयाने ते रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकानाही काढावयास सांगितला. १८७१ पासून हे १५३ वे वर्ष होते. याच देशातल्या तुरुंगांत २०२२ साली पावणेसहा लाखांच्या आसपास कैदी होते आणि दर चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता.

याला आपलाच देश अपवाद आहे असे नाही. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या चिमुकल्या देशाने टोळ्यांच्या खूनबाजीला कंटाळून मार्च २०२२ मध्ये आणीबाणी पुकारली आणि ऐंशी हजारांहून अधिक माणसे कोंडली. खून कमी झाले, लोक रात्री निर्धास्त फिरू लागले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अंगावर गोंदण आहे, गरीब वस्तीत राहतो, एवढ्यावरूनही माणसे उचलली गेली आणि पुढे हजारो निरपराध म्हणून सोडावी लागली. भीती ही अशी चीज आहे, की ती सुटू लागली म्हणजे कोणाच्या खर्चाने सुटली, हे विचारायचे भान राहत नाही.

चोर नाहीत असे मी म्हणत नाही. कुलूप लावावे, हिशेब ठेवावा, चोरी झाली तर फिर्याद द्यावी आणि चोराला शिक्षा व्हावी. पण ती त्याने केलेल्या चोरीची व्हावी; तो कोणाच्या पोटी आला, याची नव्हे. कायदा १९५२ साली गेला. आपल्या ओसरीवर बसून नकळत लावली जाणारी हजेरी बंद करणे मात्र कोणत्याही लोकसभेच्या हाती नाही. ते घराघरांतल्या वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. मुले ऐकत असतात. पालातल्या माणसाविषयी आपण त्यांच्यासमोर काय बोलतो, त्यावर पुढल्या पन्नास वर्षांचा कायदा लिहिला जातो. एवढे मनात धरून यंदाची पणती लावू या.