पासोडी, लाकडी ठसा आणि ग्रंथकाराचा चेहरा

अंबाजोगाईच्या दासोपंतांची (१५५१-१६१५) पासोडी वाङ्मयेतिहासात बहुधा नवलाई म्हणून नोंदवली जाते. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर ‘पंचीकरणा’चा विषय ओव्या आणि आकृत्यांनी मांडला आहे. बीड जिल्ह्यातील या वस्त्राचे महत्त्व मात्र लांबीरुंदीत नाही. तेथे आकृती ही मजकुराचे अलंकरण नसून मजकुराचाच भाग आहे. छापील व्यक्तिचित्राचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

मराठी मुद्रणाच्या आरंभकाळात शिळाछापाने हे नाते बरेचसे टिकवले. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग शिळेवर छापले. शिळेवर अक्षरही हातचे, चित्रही हातचे. खिळ्यांची छपाई रूढ झाल्यावर हे ऐक्य मोडले. तांब्याच्या पत्र्यावरील चित्राची रेषा खोल, खिळ्याचा माथा उंच. त्यामुळे दोन्ही एका दाबात छापता येत नाहीत. ही अडचण काष्ठ-उत्कीर्णनाने दूर केली. इंग्लंडमध्ये टॉमस ब्यूइकने (१७५३-१८२८) प्रतिष्ठेस नेलेल्या या तंत्रात बॉक्सवुडसारख्या घट्ट लाकडाच्या आडव्या छेदावर पोलादी कोरणी चालते. कोरलेले पांढरे राहते, राखलेले काळे उमटते. ठोकळा खिळ्यांच्याच उंचीचा असल्याने तो मजकुरासह एका चौकटीत आवळता येतो.

परंतु या ठोकळ्यावर करडी छटा नसते. गालाची गोलाई, डोळ्याखालची सावली हे सारे रेषांच्या जाडीवर आणि अंतरावर साधावे लागते. १८६० नंतर छायाचित्र थेट लाकडावर उतरवता येऊ लागले, तरी कोणती रेषा राखावी हा निर्णय कोरणाऱ्याचाच राहिला. म्हणजे असे व्यक्तिचित्र हे प्रत्यक्ष दर्शन नव्हे. ते एका अनामिक कारागिराने केलेले वाचन होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाफटोन ठशांनी या मध्यस्थास बाजूला सारले, आणि त्याने केलेले वाचनही विस्मरणात गेले.

याचा परिणाम आपल्या अभ्यासावर झाला आहे. पाठभेदांची कसून चिकित्सा करणारा संशोधक ग्रंथारंभीचा चेहरा मात्र निमूटपणे पुरावा म्हणून स्वीकारतो. ज्यांची समकालीन चित्रेच नाहीत, अशा संतकवींच्या बाबतीत तर हा स्वीकार अधिकच धोक्याचा ठरतो. मूळ चित्र कोणते, ते ठोकळ्यावर कोणी उतरवले, कोरले कोणी, हे प्रश्न संहिताचिकित्सेचेच प्रश्न आहेत. पासोडीपुढे उभे राहिल्यावर आपण आकृतीही वाचतो. छापील चेहराही तसाच वाचावयास हवा.