मोडेम, उच्चगती : प्रत्यक्ष पारेषणगती
दूरध्वनीच्या तारेवरून संगणकीय माहिती पाठविणाऱ्या मोडेमची प्रत्यक्ष गती त्याच्या घोषित क्षमतेइतकीच भोवतालच्या जुळणीवर अवलंबून असे. व्ही. ३२ बिस या १९९१ च्या मानकाने सेकंदाला १४,४०० बिट ही गती निश्चित केली, तर व्ही. ४२ बिस या संपीडन मानकामुळे, म्हणजे पुनरावृत्त अक्षरसमूहांऐवजी आखूड संकेत पाठविण्याच्या पद्धतीमुळे, साधा मजकूर अनुकूल स्थितीत चौपट वेगाने जाऊ शके. झिप केलेल्या फाइलींना मात्र त्याचा लाभ जवळजवळ होत नसे. हा लाभ पदरात पडण्यासाठी संगणक व मोडेम यांना जोडणाऱ्या सीरियल पोर्टची गती ५७,६०० बिटांवर स्थिर ठेवावी लागे आणि मोडेमची तात्पुरती साठवण भरत आली की संगणकाला थांबविणारे ‘प्रवाह नियंत्रण’ स्वतंत्र तारांमार्फत चालवावे लागे. अडचण बहुधा पोर्टमधील चिपची असे : जुनी ८२५० चिप आलेला एकच बाइट धरून ठेवी व प्रोसेसरला उशीर झाल्यास तो गमावी, उलट १६५५०ए चिपमध्ये १६ बाइटांची रांग असे.

एक्समोडेम हा फाइल-प्रेषण संकेत १२८ बाइटांच्या प्रत्येक गठ्ठ्यानंतर पोचपावतीसाठी थांबे. १९८६ मधील झेडमोडेमने सलग प्रेषण शक्य केले. टेलिबिट कंपनीच्या ट्रेलब्लेझर मोडेमने निराळीच युक्ती योजली. युनिक्स संगणकांमधील यूयूसीपी देवाणघेवाणीत तो दूरच्या संगणकाची वाट न पाहता स्वतःच पोचपावती देई. ही एक प्रकारे बतावणीच, परंतु ती अत्यंत परिणामकारक ठरली.