कोळशावरचे दोन सेस: 1944 चा आणि 2010 चा

डिसेंबर 1943. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर धनबादच्या कोळसा खाणीत उतरले. खाली काम कसे चालते ते त्यांनी पाहिले आणि वर येऊन कामगारांच्या वस्त्याही पाहिल्या. त्यानंतर दोन महिने पुरे व्हायच्या आत, जानेवारी 1944 च्या अखेरीस, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे सेस, म्हणजे उपकर, बसला आणि तो पैसा कामगाराची घरे, पाणी, दवाखाने, शिक्षण यांवर खर्च करायचा हे कायद्यातच लिहिले गेले.

या घटनेची आठवण आज काढायचे कारण हवामान बदलाचे कायदे आहे. या कायद्यांवर चर्चा झाली की एक बाजू म्हणते, उद्योगांवर बोजा पडेल, माल महाग होईल. दुसरी बाजू म्हणते, पृथ्वी वाचवायची तर हा बोजा सोसलाच पाहिजे. या दोन्ही बाजूंमध्ये खाणीतला, वीज केंद्रातला, सिमेंट कारखान्यातला कंत्राटी माणूस कुठेच नसतो. आमचे म्हणणे साधे आहे. हवामानाचा कायदा हा पैशाचाही कायदा असतो. तो एकाच्या खिशातून पैसा काढून दुसऱ्याच्या खिशात घालतो. कायद्यात ज्याचे नाव लिहिलेले असते त्याला तो मिळतो, आणि ज्याचे नसते त्याच्या वाट्याला फक्त त्याग येतो.

1944 च्या निधीचे पुढे काय झाले ते पाहू. 1947 मध्ये त्याचा कायदा झाला. घरांसाठी एक खाते आणि इतर कल्याणासाठी दुसरे, अशी त्यात स्पष्ट विभागणी होती. सल्लागार समितीवर मालकांच्या बरोबरीने कामगारांचे प्रतिनिधी होते. धनबाद आणि आसनसोलजवळच्या कल्ला येथील मध्यवर्ती रुग्णालये या निधीतून उभी राहिली. राणीगंज-झरियाच्या पट्ट्यात कोळसा खणणारे लोक कोण होते? बाऊरी, संथाळ, भुईया, छत्तीसगडहून आलेले सतनामी. ज्यांना गावाने जमीन दिली नाही ते जमिनीच्या पोटात गेले. त्यांच्यासाठी दवाखाना उभा राहणे ही कुणाची दया नव्हती. त्यांनी खणलेल्या कोळशातूनच तो पैसा आला होता.

याच काळातली एक अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे. युद्धाच्या काळात कोळसा कमी पडू लागला तेव्हा, 1943 मध्ये, स्त्रियांनी खाणीत भूमिगत काम करण्यावरची बंदी सरकारने उठवली. बाबासाहेबांचे खातेच त्याला जबाबदार होते. मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर टीका झाली आणि बाबासाहेबांनी उत्तर देताना स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल या अटीवर भर दिला. 1946 मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. म्हणजे सरकारला तेव्हाही कोळसा हवाच होता. फरक एवढाच की कोळसा काढून घेताना कामगाराला काय द्यायचे, याचा हिशेब मांडणारा माणूस त्या खुर्चीवर होता.

1986 मध्ये हा निधीचा कायदा रद्द झाला. खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आहे, आता कल्याणाचे काम सरकारी कंपन्याच पाहतील, असा त्यामागचा विचार होता.

आता दुसरा सेस. 2010 च्या अर्थसंकल्पात कोळशावर टनामागे 50 रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर आला. 2014 मध्ये तो 100, 2015 मध्ये 200 आणि 2016 मध्ये 400 रुपये झाला. प्रदूषण करणाऱ्या इंधनावर कर आणि त्यातून सौर, पवन अशा स्वच्छ ऊर्जेला मदत, असा त्याचा हेतू होता. हेतू चांगलाच होता. पण हा पैसा शेवटी कोण देतो? एक युनिट वीज बनवायला साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. टनामागे 400 रुपये म्हणजे युनिटमागे जवळपास पाव रुपया. वीज कंपनी तो इंधनाच्या खर्चात धरते आणि दरातून वसूल करते. म्हणजे झोपडपट्टीतला एक बल्ब आणि एक पंखा वापरणाराही हा हवामान कर भरत होता.

आणि गेला कुठे? 2010 ते 2018 या काळात या उपकरातून सुमारे 86 हजार कोटी रुपये जमा झाले. त्यातले 30 हजार कोटींहून कमी स्वच्छ ऊर्जा निधीत पोचले आणि प्रकल्पांना प्रत्यक्ष मिळाले ते 16 हजार कोटींच्या आत. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर हाच 400 रुपयांचा उपकर राज्यांची महसुली तूट भरून काढण्याकडे वळला. सप्टेंबर 2025 मध्ये तोही गेला आणि त्याच्या जागी कोळशावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. या सगळ्या प्रवासात खाणकामगाराचा, खाणीमुळे उठलेल्या गावाचा, राख खाणाऱ्या वस्तीचा हक्काचा हिस्सा एकाही टप्प्यावर ठरला नाही. कोळसा तोच, पद्धत तीच. 1944 मध्ये कामगार कायद्यात होता. 2010 मध्ये नव्हता.

कुणी म्हणेल, 2015 च्या खनिज कायद्यातील दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले, खाणबाधितांसाठी पैसा ठेवला. बरोबर आहे, आणि त्या पैशाचा हिशेब चंद्रपूर-यवतमाळच्या आमच्या कार्यकर्त्यांनी मागत राहिले पाहिजे. पण तो पैसा खनिजाच्या रॉयल्टीशी बांधलेला आहे. खाण चालू तोवर निधी. ज्या दिवशी खाण बंद होईल आणि माणसाला सर्वांत जास्त गरज लागेल, त्याच दिवशी त्याचा झरा आटेल.

आता तिसरा टप्पा सुरू झाला आहे. 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा 2022 मध्ये दुरुस्त झाला आणि 2023 मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली. सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, कागद अशा उद्योगांना उत्पादनाच्या टनामागे उत्सर्जनाची मर्यादा ठरवून दिली जाते. जो कारखाना त्याहून कमी उत्सर्जन करेल त्याला प्रमाणपत्रे मिळतात, जो जास्त करेल त्याने ती विकत घ्यायची. उद्योगाच्या दृष्टीने हा शहाणपणाचा मार्ग आहे, कारण सुधारणा करणाऱ्याला कमाई आहे. कोरपना-राजुऱ्याच्या सिमेंट पट्ट्यात याचे परिणाम दिसतीलच. पण प्रमाणपत्र विकून आलेल्या पैशातला किती वाटा कंत्राटी कामगाराच्या आरोग्यावर किंवा नव्या प्रशिक्षणावर खर्च करायचा? कायदा गप्प आहे.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी आणखी एका गोष्टीची वाटते. कोल इंडियात 2002-03 च्या सुमारास पाच लाखांच्या आसपास कायम कामगार होते आणि उत्पादन 290 दशलक्ष टन होते. 2023-24 मध्ये उत्पादन 773 दशलक्ष टनांवर गेले आणि कायम मनुष्यबळ सव्वादोन लाखांच्या आसपास आले. हे हवामान कायद्याने केलेले नाही. ते यंत्रांनी आणि कंत्राटीकरणाने केले. पण उरलेल्या कायम नोकऱ्यांत अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण आहे. कंत्राटात ते नाही. सौर आणि पवन प्रकल्प बहुतांश खासगी आहेत, तिथेही ते नाही. म्हणजे सरकारी कोळशाकडून खासगी सूर्याकडे जाणारा रस्ता आमच्यासाठी आरक्षणाबाहेर जाणारा रस्ता आहे. शिवाय सौर प्रकल्पाच्या जमिनीचे भाडे जमीनमालकाला मिळते. महाराष्ट्राच्या सौर कृषी वाहिनी योजनेत ते हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला काय?

याचा अर्थ आम्ही कोळशाच्या बाजूने आहोत असा नाही. चंद्रपूरची हवा आणि उन्हाळा आम्हीच भोगतो. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना वीज धोरणाचा पाया घातला तेव्हा त्यांची भूमिका स्पष्ट होती: स्वस्त आणि मुबलक वीज हवी ती दारिद्र्य हटवण्यासाठी. वीज कोळशाची की सूर्याची, हा नंतरचा प्रश्न. ती कुणाचे दारिद्र्य हटवते, हा पहिला.

आणि हे जमत नाही असेही नाही. जर्मनीने 2020 मध्ये कोळसा बंद करण्याचा कायदा केला. 2038 ही शेवटची मुदत ठरली आणि कोळशाच्या प्रदेशांसाठी 40 अब्ज युरोंपर्यंतची तरतूद झाली. वयस्क कामगारांना निवृत्तीपर्यंतचे साहाय्यही त्यात आले. कारण कायद्याआधी जो आयोग नेमला त्यात कामगार संघटना बसलेल्या होत्या. आपल्याकडे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रणजितसिंह खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क संविधानाच्या कलम 14 आणि 21 मध्ये वाचला, आणि या विषयावर देशात एकछत्री कायदा नाही हेही नोंदवले. तो कायदा कधीतरी येईल. मसुदा लिहिला जाईल तेव्हा टेबलावर उद्योगांच्या संघटना असतील, पर्यावरणवादी असतील. आपण असू का?

आपल्या मागण्या आत्ताच ठरवल्या पाहिजेत. एक, कार्बनच्या प्रत्येक करात आणि व्यापारात कामगार व बाधित वस्त्यांचा ठरावीक हिस्सा कायद्यात लिहिला जावा, जसा 1944 मध्ये लिहिला गेला. दोन, त्या निधीच्या समितीवर कामगारांचे निम्मे प्रतिनिधी असावेत आणि कंत्राटी कामगार त्यात मोजले जावेत. तीन, सरकारी पैसा किंवा सरकारी जमीन घेणाऱ्या प्रत्येक हरित प्रकल्पात आरक्षण लागू व्हावे.

पर्यावरण हा आपला विषय नाही, असे म्हणणारे मित्र चळवळीत आजही भेटतात. त्यांना आम्ही एवढेच सांगतो: कोळशाच्या टनामागे कामगाराचा हक्क बांधायचा, हे या देशात बाबासाहेबांनी करून दाखवले आहे. कार्बनच्या टनामागे तो बांधून घेणे हे आता आपल्या पिढीचे काम आहे.

जय भीम!