मुंबईचा पाणीपुरवठा

मुंबईचा पाणीपुरवठा ही बृहन्मुंबई महानगरपालिकेमार्फत चालविली जाणारी पाणीपुरवठा व्यवस्था आहे. शहराला पिण्याचे पाणी विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा या सात जलाशयांतून मिळते. विहार व तुळशी हे दोनच तलाव महापालिकेच्या हद्दीत असून एकूण साठ्यात त्यांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. उरलेले पाणी ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांतील जलाशयांतून येते.

== इतिहास ==
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईकर विहिरी व तळ्यांच्या पाण्यावर अवलंबून होते. धोबीतलाव, गोवालिया टँक ही स्थलनामे त्या काळाची आठवण देतात. तळी मात्र पुढे बुजविण्यात आली. १८५० च्या दशकातील तीव्र टंचाईनंतर मिठी नदीच्या उगमाकडील भागात विहार तलाव बांधण्यात आला. तो १८६० मध्ये पूर्ण झाला आणि शहरात नळाचे पाणी आले. १८७९ मध्ये तुळशी व १८९२ मध्ये तानसा जलाशयाची भर पडली. १८९१ मध्ये बांधलेल्या पवई तलावाचे पाणी पिण्यास योग्य न ठरल्याने ते इतर कामांसाठी वापरले जाते.

वैतरणा नदीवरील मोडकसागर धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले. त्याला अभियंता ना. वि. मोडक यांचे नाव देण्यात आले आहे. त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा व भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा हे स्रोत उपलब्ध झाले. आज एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसा जलाशयात असतो.

== साठा, शुद्धीकरण व वितरण ==
सातही जलाशयांची एकत्रित उपयुक्त क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर असून शहराला दररोज ३,८०० दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी पुरविले जाते. म्हणजेच जलाशय पूर्ण भरले तरी त्यांतील पाणी साधारण वर्षभरच पुरते. पावसाळा लांबला किंवा कमी झाला, तर महापालिकेला पाणीकपात लागू करावी लागते.

जलाशयांतील पाणी मोठ्या जलवाहिन्या व भूमिगत बोगद्यांतून मुख्यत्वे भांडुप आणि पांजरापूर येथील जलशुद्धीकरण केंद्रांत येते. तेथे गाळ खाली बसवून पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते व क्लोरिनने निर्जंतुक केले जाते. पुढे ते मलबार हिल, भंडारवाडा, वेरावली आदी सेवा जलाशयांत साठवून ठराविक वेळी विभागवार सोडले जाते. त्यामुळे इमारतींना तळटाकी व गच्चीवरील टाकी, तर चाळी व झोपडपट्ट्यांतील कुटुंबांना पिंप आणि हंडे-कळशा भरून ठेवाव्या लागतात.

== घरगुती वापर व विषमता ==
भारतीय मानकांत घरगुती गरजेपैकी दरडोई दररोज ४५ लिटर पाणी शौचालयातील फ्लशसाठी धरलेले आहे. महापालिकेच्या निकषानुसार दीर्घकाळ इमारतींसाठी दरडोई १३५ लिटर, तर झोपडपट्ट्यांसाठी ४५ लिटर पाणी गृहीत धरले जात असे. एका घरात केवळ फ्लशसाठी धरलेल्या पाण्याइतक्याच पाण्यात दुसऱ्या घरी पिणे, स्वयंपाक, आंघोळ व धुणी-भांडी उरकावी लागत. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, पाण्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असून अनधिकृत वस्त्यांतील रहिवाशांनाही तो नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला.

तानसा, भातसा यांसारखी धरणे असलेल्या शहापूर तालुक्यातील अनेक आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. धरणे पाड्यांच्या परिसरात असली, तरी त्यांतील पाणी उंचावरील वस्त्यांपर्यंत पोहोचविणाऱ्या नळयोजना सर्वत्र झालेल्या नाहीत.

== बचतीचे उपाय ==
फ्लशची जुनी टाकी एका वेळी १० लिटर किंवा अधिक पाणी सोडते. दोन बटणांच्या टाकीत ३ ते ६ लिटर पुरतात. गळक्या तोट्या व तळटाक्यांची वेळेवर दुरुस्ती, शॉवरऐवजी बादलीने आंघोळ आणि गाड्या धुण्यासाठी नळीऐवजी ओल्या फडक्याचा वापर यांनीही बचत होते. मोठ्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. असे साठविलेले पाणी व विहिरींचे पाणी फ्लश, बागकाम व सफाईसाठी वापरल्यास शुद्ध केलेले पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी राखता येते.